वाचक विचारतात: टॉयटोबुर्गचं जंगल, तलवारवाला हेरमान आणि रानलसणाची चटणी

मागच्या अंकात उत्तर-पश्चिम जर्मनीतल्या टॉयटोबुर्गर वाल्ड या जंगली डोंगररांगेवर अर्ध्या पानाचं टिपण छापलं होतं, फोटोसकट. त्यावर एवढे मेल येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. काही तिकडे शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांचे, काही इथल्या आईबाबांचे, दोन-तीन कट्टर इतिहासवाल्यांचे. सगळे घेता आले नाहीत, सारखे वाटले ते एकत्र केलेत.

प्रश्न (बिलेफेल्ड, मूळ सांगली): मी इथे मास्टर्स करतेय. खोलीच्या खिडकीतून ही रांग दिसते, पण सिनियर म्हणतात त्यात काय बघायचं, टेकाड आहे नुसतं. खरंच काही आहे का तिथे, की वीकेंडला सरळ दुसरीकडे जाऊ?

उंचीच बघायची तर सिनियर बरोबर आहेत गं. या रांगेतलं सगळ्यात उंच टोक बार्नाकेन, ते ४४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या माणसाला हसू येईल. पण हा डोंगर उभा नाही, आडवा बघायचा असतो. पश्चिमेला हॉर्स्टेलपाशी जमिनीतून डोकं वर काढतो आणि आग्नेयेला हॉर्न-बाड माइनबर्गपर्यंत जातो, शंभर किलोमीटरच्या वर लांबी, आणि रुंदी मात्र इतकी कमी की काही ठिकाणी नाश्ता करून चढायला लागलीस तर जेवायच्या आत पलीकडे उतरलेली असशील. दक्षिणेला म्युन्स्टरलांडचं सपाट मैदान आणि झेनेची रेती, उत्तरेला लहानमोठ्या टेकड्या, आणि मधे ही जंगलाची पट्टी. पावसाचं पाणीही इथेच ठरवतं कुठे जायचं ते, एका बाजूचं एम्स नदीला आणि दुसऱ्या बाजूचं वेझरला.

खरी गंमत खडकात आहे. तुझ्या बिलेफेल्डजवळ ही एक रांग नाहीच, शेजारी शेजारी तीन कणे आहेत. उत्तरेचा सगळ्यात जुना चुनखडीचा, साधारण २४ कोटी वर्षांचा. मधला वाळूच्या दगडाचा, ज्याला तिकडे ओस्निंग सँडस्टोन म्हणतात, तो बारा-तेरा कोटींचा. आणि दक्षिणेचा परत चुनखडी, पण नऊ-दहा कोटींचा. हे सगळे थर समुद्राच्या तळाशी एकावर एक आडवे साचलेले, मग सातेक कोटी वर्षांपूर्वी जमिनीला अशी काही रेटारेट झाली की पोळ्यांची चवड डब्यात उभी ठेवावी तसे ते कडेवर उभे राहिले, काही जागी तर पार उलटेसुद्धा झाले. मऊ थर झिजून दऱ्या झाल्या, टणक उरले ते कणे.

हे पुस्तकात वाचून पटत नाही, चालून पटतं. मधल्या कण्यावर पायाखाली रेताड माती, पाइनची झाडं, शेवाळ आणि गुडघाभर उंचीची ब्लूबेरीची झुडपं. तिथून एक दरी ओलांडून पुढच्या कण्यावर चढलीस की अर्ध्या तासात सगळं बदलतं, बीचचे गुळगुळीत राखाडी बुंधे, काळी माती, आणि एप्रिल असेल तर जमीन दिसत नाही एवढा रानलसूण. झाडांकडे बघूनच खाली कुठला दगड आहे ते कळायला लागतं, फार वेळ लागत नाही त्याला.

तू राहतेस ते शहर या रांगेला पडलेल्या एका खिंडीत बसलंय, म्हणून तर रस्ता आणि रेल्वे तिथून जाते. आणि हो, "बिलेफेल्ड नावाचं शहर मुळात अस्तित्वातच नाही" हा जोक १९९४ साली इंटरनेटवर आला तो अजून संपलेला नाही, २०१९ मध्ये तर खुद्द महापालिकेने शहर नाही हे सिद्ध करणाऱ्याला दहा लाख युरो द्यायची घोषणा केली होती. तू पुरावा आहेस, त्यामुळे पैसे विसर. त्यापेक्षा वरच्या श्पारेनबुर्ग किल्ल्यावर जाऊन ये, साधारण १२५० च्या आसपासचा आहे, बुरुजावरून रांग दोन्ही बाजूंना पळताना दिसते. खालच्या भुयारांमध्ये थंडीत वटवाघळं झोपतात.

प्रश्न (पुणे, निवृत्त शिक्षक): इ.स. ९ मध्ये हेरमान ऊर्फ आर्मिनियसने याच जंगलात रोमन फौज कापून काढली असं वाचलं. वाचताना सतत उंबरखिंड आठवत होती. हा गनिमी कावाच झाला की नाही? आणि पुतळा आहे तीच लढाईची जागा का?

सर, उंबरखिंड आठवणं साहजिक आहे. १६६१ ला कारतलबखानाची फौज जशी चिंचोळ्या जंगलवाटेत लांबच लांब ओढली गेली आणि पुढचा मागच्याला मदत करू शकेना, तसंच इथे झालं. तीन लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या तुकड्या, १७, १८ आणि १९ नंबरच्या, वर घोडदळ, सामानाच्या गाड्या, बायकापोरं, सगळी रांग कित्येक किलोमीटर लांब, पाऊस, चिखल, अनोळखी वाट. पंधरा ते वीस हजार माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. रोमने ते तीन नंबर परत कुठल्याच लीजनला दिले नाहीत, यावरून धसका किती होता ते बघा.

पण साम्य इथे संपतं असं माझं मत. उंबरखिंडीत खान शरण आला आणि सामान टाकून जीव वाचवून परत गेला. इथे सेनापती वारुसने तलवारीवर पडून जीव दिला. आणि आर्मिनियस हा बाहेरचा शत्रू नव्हता, चेरुस्की टोळीच्या सरदाराचा मुलगा, रोमन नागरिक, रोमन सैन्यात अधिकारी, वारुसच्या पंगतीला बसणारा. पुढे आर्मिनियसचा सासरा झालेल्या माणसानेच वारुसला सावध केलं होतं, वारुसने ऐकलं नाही. म्हणजे गनिमी कावा तर होताच, पण आतल्या माणसाने केलेला दगाही होता, आणि त्याच्यावर लिहिणारे सोयीने यातलं एकच काहीतरी निवडतात.

आता जागा. पुतळा डेटमोल्डजवळच्या ग्रोटेनबुर्ग टेकडीवर आहे आणि लढाई तिथे झाल्याचा काहीही पुरावा नाही. १९८७ साली टोनी क्लन नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी, तेव्हा ओस्नाब्रुकला पोस्टिंग, सुट्टीत मेटल डिटेक्टर घेऊन हिंडत होता, त्याला काल्कक्रीझं गावाजवळ रोमन चांदीची नाणी मिळाली आणि नंतर गोफणीच्या शिशाच्या गोळ्या. गोळ्या मिळाल्या म्हणजे व्यापारी नाही, फौज. मग तिथे उत्खननच सुरू झालं. चांदीचा पत्रा लावलेला घोडेस्वाराचा मुखवटा, हजारो वस्तू, आणि एका खेचराचा सांगाडा, गळ्यात घंटा, घंटा वाजू नये म्हणून आत गवत कोंबलेलं. मला तो मुखवटा नाही, ती घंटाच जास्त लक्षात राहिली. माणसांची हाडं खड्ड्यात गोळा करून पुरलेली मिळाली, आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय की सहा वर्षांनी रोमन सेनापती जर्मानिकस तिथे आला आणि त्याने उरलीसुरली हाडं पुरली. बहुतेक संशोधकांना आता हीच जागा पटते, थोडे आहेत अजून भांडणारे. ही जागा डोंगर आणि दलदल यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आहे, डेटमोल्डपासून वायव्येला लांब, आणि गंमत म्हणजे टॉयटोबुर्गर वाल्डमध्ये नाहीच, शेजारच्या वीहेनगेबिर्ग रांगेच्या पायथ्याशी आहे. या रांगेला लोक आधी ओस्निंगच म्हणायचे, टॅसिटसच्या पुस्तकातलं नाव उचलून सतराव्या शतकात तिला चिकटवलं.

प्रश्न (ठाणे): मुलाने हेरमानच्या पुतळ्यासमोरचा फोटो पाठवला. एवढं प्रचंड काम बांधायला ३७ वर्षं का लागली? आणि आत चढता येतं का?

पैसे संपले, दुसरं काय. एर्न्स्ट फॉन बांडेल या शिल्पकाराच्या डोक्यातलं खूळ ते, १८३८ ला काम सुरू केलं, १८४६ पर्यंत दगडी चौथरा उभा राहिला आणि वर्गणी आटली. मग कित्येक वर्षं जंगलात नुसता चौथरा, वर पुतळा नाही. बांडेलने स्वतःचे पैसे घातले, शेवटी शेवटी तिथेच लाकडी झोपडीत राहायचा, ती अजून आहे, नक्की बघायला सांगा मुलाला. पुढे १८७१ ला जर्मनी एक झाली, फ्रान्सला हरवलेलं होतं, राष्ट्रवादाची हवा जोरात, आणि मग अचानक सरकारकडूनही पैसे आले. १६ ऑगस्ट १८७५ ला कैसर पहिला विल्हेल्म उद्घाटनाला हजर. बांडेल पुढच्याच वर्षी वारला.

एकूण उंची ५३.४६ मीटर, त्यात पुतळा तलवारीच्या टोकापर्यंत साडेसव्वीसच्या वर. आतून लोखंडी सांगाडा, त्यावर तांब्याचे पत्रे रिव्हेट मारून बसवलेत, म्हणून तो हिरवट दिसतो. तलवार ७ मीटरची, ५५० किलो, क्रुप कंपनीने दिलेली भेट, आणि तिच्यावर जर्मन एकीबद्दलच्या दोन ओळी कोरल्यात. पाय रोमन गरुडावर. पण तोंड मात्र रोमकडे नाही, पश्चिमेला, फ्रान्सच्या दिशेने, तेव्हा राग कुणावर होता ते त्यावरून कळतं. डोक्यात जाता येत नाही, चौथऱ्याच्या वरच्या गॅलरीपर्यंत तिकीट काढून जाता येतं, आणि तिथून जंगल छान दिसतं कारण पुतळा तेवढा दिसत नाही.

प्रश्न (नाशिक): एक्स्टर्नश्टाइनं नावाच्या खडकांवर एक व्हिडिओ बघितला, त्यात ते हजारो वर्षांपूर्वीचं सूर्यमंदिर आहे, प्रचंड ऊर्जा आहे वगैरे सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मुलीकडे जातोय तर तिथे ध्यानाला बसायचा विचार आहे. कोणती वेळ चांगली?

सकाळी लवकर, कारण दहानंतर बसेस येतात आणि ध्यान काय, धड फोटोही मिळत नाही.

आता बाकीचं. हॉर्नजवळ जंगलातून एकदम तेरा खडकांची ओळ उभी आहे, सगळ्यात उंच साडेसदतीस मीटर, मी मगाशी ज्या मधल्या कण्याचं सांगितलं त्याच उभ्या झालेल्या वाळूच्या थरांचे हे उरलेले दात. त्यांच्या पायाशी तळं आहे, ते नैसर्गिक नाही, एकोणिसाव्या शतकात ओढा अडवून केलेलं, पण फोटोत तेच छान येतं. वर जायला दगडात कोरलेल्या पायऱ्या आहेत, दोन खडकांमधे छोटा पूल आहे, आणि एका खडकाच्या डोक्यावर अधांतरी वाटणारा मोठा धोंडा, तो पडू नये म्हणून लोखंडाने जखडलाय.

दुसऱ्या खडकाच्या वर एक छोटी कोरलेली खोली आहे, तिच्या भिंतीला गोल भोक. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य साधारण त्या दिशेने उगवतो. झालं, एवढ्यावर सगळा डोलारा. १९२० च्या दशकात विल्हेल्म टॉयट नावाच्या हौशी माणसाने इथे प्राचीन जर्मनांचं सूर्यमंदिर होतं असं लिहायला सुरुवात केली आणि नाझी सत्तेवर आल्यावर खुद्द एसएसचा प्रमुख हिमलरने यात लक्ष घातलं, कारण त्याला ख्रिश्चन धर्माच्या आधीचा "शुद्ध" इतिहास पाहिजेच होता. १९३४-३५ ला खणलं. अश्मयुगातल्या शिकाऱ्यांची गारगोटीची हत्यारं निघाली, मध्ययुगातल्या वस्तू निघाल्या, आणि मधल्या काळातलं मंदिर काही निघालं नाही. ज्यांना ते हवंच होतं त्यांनी खणूनसुद्धा नाही निघालं, आता बोला.

जे आहे ते मात्र खरंच बघण्यासारखं आहे आणि व्हिडिओवाले त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात. पहिल्या खडकाच्या अंगावर येशूला क्रुसावरून उतरवतानाचं मोठं शिल्प कोरलंय, बहुतेक जण बाराव्या शतकातलं मानतात, आतल्या गुहेत १११५ सालचा लेख आहे. येशूचा देह खाली घेणारा माणूस ज्याच्यावर उभा आहे ते एक वाकलेलं झाड आहे, खुर्चीसारखं दुमडलेलं, आणि त्या माणसाचे पाय तुटलेत त्यामुळे तो हवेत लटकल्यासारखा दिसतो. वर दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र, दोघंही रडतायत. उजेड तिरका असेल तेव्हा बघा, सपाट उन्हात कळत नाही. त्या वाकलेल्या झाडावरूनही टॉयटसाहेबांनी कथा रचली होतीच.

ध्यानाला बसायला कुणी ना म्हणणार नाही. पण परिसर १९२६ पासून संरक्षित आहे, तंबू, शेकोटी, मेणबत्त्या चालत नाहीत. पूर्वी २१ जूनच्या आणि ३० एप्रिलच्या रात्री तिथे एवढी जत्रा भरायची, दारू, आग, ढोल, की शेवटी बंदी घालावी लागली. अजूनही काही लोक तिथे नुसतं ध्यान करायला येत नाहीत, जुन्या नाझी कल्पनांच्या प्रेमातले असतात, तेव्हा कुणी फारच आपुलकीने आर्य-बिर्य बोलायला लागलं तर नमस्कार करून पुढे चला. खडकांवर चढायचा भाग थंडीत बंद असतो.

प्रश्न (म्युन्स्टर): मुलं ५ आणि ८ वर्षांची. त्यांना इतिहास नको, काहीतरी धमाल हवी. आणि लेंगेरिशच्या त्या निळ्या तळ्यात पोहता येतं का?

नाही. तिथे पोहायला सक्त मनाई आहे. चुनखडीची जुनी खाण आहे ती, सिमेंटवाल्यांनी खणून सोडून दिली, पाणी भरलं, चुन्यामुळे रंग निळा-हिरवा झाला आणि फोटो व्हायरल झाले. आता तो संरक्षित भाग आहे, अशा बंद खाणींच्या कड्यांवर मोठी घुबडं घरटी करतात, त्यामुळे कुंपणाबाहेरच्या पॉइंटवरून बघायचं आणि परत यायचं. वीस मिनिटांचं काम.

मुलांना इबेनब्युरेनजवळच्या डोरेन्टर क्लिपेनला न्या. वाळूच्या दगडाचे कडे आहेत, चाळीस मीटरपर्यंत उंच, मुळं, खाचा, कपाऱ्या, मुलं दमेपर्यंत हिंडतील, फक्त कड्याच्या काठावर हात सोडू नका, रेलिंग नाहीये. तिथे एक खडक आहे, त्याचं नाव उकिडवी बसलेली बाई. गोष्ट अशी सांगतात की फार पूर्वी समुद्र इथपर्यंत यायचा, एकदा पाणी एकदम चढलं, बाई मुलांना घेऊन टेकडीवर पळाली, पाणी पायाला लागलं तशी खाली बसली आणि मुलांना म्हणाली खांद्यावर चढा, आणि प्रार्थना करत राहिली. पाणी ओसरलं, मुलं खाली उतरली, आई दगड होऊन गेली होती. लांबून बघितलं तर खरंच कुणीतरी पाठ वाकवून बसल्यासारखं दिसतं. ५ वर्षांचा विचारेल मग मुलांचं पुढे काय झालं, उत्तर तयार ठेवा, गोष्टीत ते नाही.

प्रश्न (ओस्नाब्रुक): एप्रिलमध्ये जंगलात सगळीकडे रानलसूण असतो, इथल्या बायका पिशव्या भरून नेतात. मी पण चटणी केली, मस्त होते! पण एका आजोबांनी मला रागावून काहीतरी सांगितलं, मला अर्धंच कळलं. आणायचा की नाही?

ताई, आजोबा बहुतेक पाटीबद्दल बोलत असणार. झाडाला किंवा खांबाला हिरव्या कडेचा त्रिकोण आणि त्यात पंख पसरलेला गरुड असेल तर तो नाटुअरशुत्सगेबीट, म्हणजे पूर्ण संरक्षित भाग, तिथे एक पानसुद्धा तोडायचं नाही. वाट सोडायची नाही, कुत्रा बांधलेला, ड्रोन नाही, मशरूम नाही. त्या पाटीच्या बाहेरच्या साध्या जंगलात घरापुरता घ्यायला हरकत नसते, तिकडचा नियम म्हणजे हातात मावेल एवढी जुडी. पिशव्या भरून नेणाऱ्या बायका नियमात बसत नाहीत, मग त्या जर्मन का असेनात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रानलसणाची पानं आणि लिली ऑफ द व्हॅलीची पानं जवळजवळ सारखी दिसतात, आणि हेर्ब्स्टत्साइटलोझं नावाचं एक फूल आहे त्याची पानंही तशीच, ती तर जीवघेणी विषारी, आणि दरवर्षी कुणीतरी फसतंच. वासावर जाऊ नका, चार पानं खुडली की हातालाच लसणाचा वास येतो, मग पाचवं पान कशाचंही असो, वास लसणाचाच. एकेक पान बघून घ्यायचं. रानलसणाचं प्रत्येक पान जमिनीतून स्वतंत्र देठावर येतं आणि मागची बाजू मंद असते, चकचकीत नसते. लिलीची दोन पानं एकाच देठाला धरून असतात. शंका आली की टाकून द्या, चटणी शेंगदाण्याची करा.

आणि एप्रिलमध्ये तुमच्यापासून जवळ बाड इबुर्गला फ्रेडेन नावाची टेकडी आहे, तिथे जाच. मार्च संपता संपता, बीचला पालवी फुटायच्या आधी, जमिनीपर्यंत ऊन पोचतं त्या दोन-तीन आठवड्यांत लेर्खनश्पोर्नची फुलं येतात, काही जांभळी, काही पांढरी, एकाच उतारावर मिसळलेली, सबंध उतार भरून. प्रत्येक फुलाला मागे वाकडी नळी असते, तिच्या टोकाला मध. सरळमार्गी भुंगे लांब सोंड घालून समोरून पितात, आखूड सोंडेवाले नळीला मागून भोक पाडून चोरतात, खाली बसून बघितलं तर ती भोकं दिसतात. वर पानं आली, सावली पडली की सगळं गायब, मे महिन्यात जाल तर इथे काही होतं असं वाटणारही नाही. त्याच गावातल्या वाड्यात १६६८ ला झोफी शार्लोटं जन्मली, जिच्या नावावरून बर्लिनचं शार्लोटेनबुर्ग आहे, पण मी तुमच्या जागी असते तर आधी फुलं, मग वाडा.

प्रश्न (कोल्हापूर, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी): नातेवाईकांनी फेल्मरश्टोटचे फोटो पाठवले, त्यात डोंगरच्या डोंगर उघडे आणि सुकलेले खोड. जर्मनी म्हणजे जंगलं जपणारा देश ना? मग हे काय?

फेल्मरश्टोट म्हणजे जिथे टॉयटोबुर्गर वाल्ड संपतं आणि एगे रांग सुरू होते तो एगेतला कोपरा, ४६८ मीटर. तिथले सुकलेले ते स्प्रूस, तिकडे फिष्टे म्हणतात. मुळात या डोंगराचं झाड बीच. स्प्रूस एकोणिसाव्या शतकापासून मुद्दाम लावला, सरळसोट वाढतो, लवकर पैसे देतो म्हणून, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर आणखीच. मुळं उथळ, पाणी भरपूर लागतं, थंड डोंगरातलं झाड ते, इथे खाली आणून बसवलेलं. जानेवारी २००७ च्या किरिल वादळाने आधीच भरपूर आडवे केले होते. मग २०१८ पासून लागोपाठ तीन कोरडे उन्हाळे.

पुढचं काम बुखड्रुकर नावाच्या चार-पाच मिलिमीटरच्या भुंगेऱ्याने केलं. निरोगी झाड राळ सोडून त्याला बुडवतं, पण तहानलेल्या झाडाकडे राळच नसते. तो सालीखाली घुसतो, मादी उभा बोगदा पाडत दोन्ही कडेला अंडी घालत जाते, अळ्या बाजूला आडवे बोगदे खातात, आणि झाडाची अन्नवाहिनी तिथेच कापली जाते. खाली पडलेली साल उचलून उलटी करून बघ असं नातेवाईकांना सांग, आतल्या बाजूला ती नक्षी अगदी स्वच्छ दिसते, मधे एक रेघ आणि दोन्हीकडे फुटलेल्या बारीक रेघा. गरम वर्षात त्याच्या एकाऐवजी दोन-तीन पिढ्या होतात. त्यामुळे तू बघितलंस ते जंगल मेलं असं म्हणण्यापेक्षा लाकडाची लागवड मेली असं म्हणणं जास्त बरोबर. उघड्या जागी आता बर्च, रोवन आपोआप उगवतायत.

आणि जपण्याचं म्हणशील तर त्यावर तिथेही आपल्यासारखीच भांडणं. एगेमध्ये नॅशनल पार्क करायचा प्रस्ताव होता, राज्यातला दुसरा. २०२४ ला पाडरबॉर्न आणि हॉक्सटर या दोन जिल्ह्यांत लोकांचं मतदान घेतलं आणि बहुमत विरोधात गेलं. लाकूड उद्योगाला भीती, जंगलमालकांना भीती, आपल्याला फिरू देणार नाहीत ही भीती. मला स्वतःला तो पार्क व्हायला हवा होता असं वाटतं, पण मत द्यायचा हक्क त्या लोकांना होता आणि त्यांनी दिलं.

प्रश्न (डॉर्टमुंड): आमच्याकडे एकच रविवार आहे. काय बघू, काय सोडू?

पुतळा सोडा. लांबून दिसतोच. सकाळी एक्स्टर्नश्टाइनं, मग डेटमोल्डच्या हिडेझेनजवळ डोनोपर टाइश नावाचं तळं आणि त्याला लागून हिडेझर बेंट. बीच-ओकचं जुनं जंगल, त्यात तळं, आणि थोडं पुढे झाडी संपून अचानक उघडी दलदल लागते, लिपं भागातली शेवटची जिवंत पीट दलदल म्हणतात तिला. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून बघायची, खाली उतरायचं नाही. शेवाळाच्या गादीत कापसासारखे तुरे असलेलं गवत आणि नीट बघितलं तर नखाएवढी लाल पानं, त्यावर चिकट थेंब, किडे खाणारं ड्रॉसेरा ते. कासच्या पठारावर ज्यांनी ड्रॉसेरा पाहिलाय त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल, जात वेगळी, घराणं तेच. गर्दी नसते कारण तिथे सेल्फी काढण्यासारखं काही नाही.

वेळ उरला आणि मुलं बरोबर असतील तर बेर्लेबेकला शिकारी पक्ष्यांचं केंद्र आहे, गरुड डोक्यावरून उडवून दाखवतात. डेटमोल्डचं ओपन एअर म्युझियम मात्र या दिवशी घेऊच नका, जुनी शंभराहून जास्त घरं उचलून आणून मांडलीत, त्याला स्वतंत्र दिवस पाहिजे.

प्रश्न (मुंबई, ट्रेकिंग ग्रुप): हेरमान्सवेग पूर्ण करायचा आहे. तंबू टाकत जाता येईल का? वाट चुकण्यासारखी आहे का?

१५६ किलोमीटरची पायवाट आहे ही, राइनं गावापासून फेल्मरश्टोटपर्यंत, जवळजवळ सगळा रांगेच्या माथ्यावरून. काळ्या चौकोनात पांढरा एच, दर थोड्या अंतरावर झाडावर रंगवलेला, चुकायला प्रयत्न करावा लागेल. तंबूचं मात्र विसरा, जंगलात कुठेही टाकता येत नाही, दंड होतो. गावं जवळजवळ आहेत, पेन्शन (तिकडचं छोटं गेस्टहाऊस) किंवा कॅम्पिंग साइट बुक करा आणि रविवारचं खाणं शनिवारी घेऊन ठेवा, दुकानं बंद असतात. सह्याद्रीत चढ-उतारांची सवय असलेल्यांना चढ काही वाटणार नाही, पण रोज वीस-पंचवीस किलोमीटर सपाट-सपाट चालणं पायांना वेगळं लागतं, नव्या बुटात जाऊ नका. शेवटून सुरुवातीकडे जा असं मी सांगेन, म्हणजे उंच भाग ताज्या पायांनी होतो, फक्त मग पश्चिमेचा वारा समोरून लागतो. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पुतळ्यापासून श्पारेनबुर्गपर्यंत ३१.१ किलोमीटरची हेरमान्सलाउफ शर्यत असते, १९७२ पासून, हजारो लोक पळतात, त्या दिवशी त्या टप्प्यात नसलेलं बरं, किंवा सरळ नावच नोंदवा.

प्रश्न (औरंगाबाद): आम्ही दोघं सत्तरीचे, मे महिन्यात मुलाकडे पाडरबॉर्नला. गुडघे बेताचे आहेत. आणि जंगलात गोचीड असते म्हणतात, ते कितपत खरं?

खरं आहे काका, आणि मे-जून तिचा हंगाम. वाघाची नाही एवढी त्या गोचिडीची धास्ती घ्या, कारण ती चावल्याचं कळत नाही आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. फुल पँट, पायमोजे पँटच्या वरून, फिकट रंगाचे कपडे म्हणजे चढताना दिसते, उंच गवतात बसायचं नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली एकमेकांचं बघा. सापडली तर तेल, रॉकेल, तूप काही लावू नका, चिमट्याने कातडीला टेकून धरून सरळ हळू ओढा, फार्मसीत त्यासाठी छोटं कार्ड मिळतं. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल चट्टा पसरत गेला तर लगेच डॉक्टर, अँटिबायोटिकने बरं होतं.

गुडघ्यांसाठी एक्स्टर्नश्टाइनंच्या पायऱ्या चढू नका, अरुंद आहेत आणि झिजलेल्या. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, शिल्प खालूनच दिसतं आणि तिथे बाक आहेत. पार्किंगपासून चालतही फार नाही. मुलाला सांगा शनिवार-रविवार सोडून न्यायला.